तेलाचे कूळ आणि नदीचे मूळ

१

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. मोठ्या गोष्टींचा उगम त्यांच्या मोठेपणाला शोभेसा असतोच असे नाही, हा त्यामागचा अनुभव. न्हाणीघरातील साबणाची वडी ही काही ऋषी नव्हे की नदी नव्हे. पण तिचे कूळ विचारण्याची रीतही आपल्यात नाही.

गेल्या दिवाळीआधी जाहिरातीची भाषा शिकवत असताना आम्ही वर्गातल्या मुलांना घरच्या साबण-क्रीमची वेष्टने आणायला सांगितली होती. हेतू साधा होता. 'शुद्ध', 'नितळ', 'कोमल', 'नैसर्गिक' या विशेषणांची मोजदाद करायची आणि ती काय काम करतात ते पाहायचे. मोजदाद झाली. मग एका विद्यार्थिनीने वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरे वाचायला घेतली आणि म्हणाली, "सर, पुढच्या बाजूला सगळी विशेषणं आणि मागच्या बाजूला सगळी नामं आहेत. पण त्यातलं एकही नाम कुठल्या गावचं ते सांगत नाही." त्या नामांत 'सोडियम पामेट' आणि 'सोडियम पाम कर्नेलेट' ही दोन नामे जवळजवळ प्रत्येक वेष्टनावर होती.

तिच्या त्या वाक्यातून हा लेख निघाला. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. रसायनशास्त्र अथवा अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखाद्या शब्दाचा प्रवास शोधणे हे आमचे रोजचे काम आहे, आणि 'पामेट' हाही एक शब्दच आहे. १८४० साली एदमों फ्रेमी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाम तेलातून एक मेदाम्ल वेगळे केले. त्याला झाडावरून 'पामिटिक' हे नाव मिळाले. साबणाच्या वडीला कठीणपणा देणारे ते हेच. पूर्वी हे काम गुराढोरांची चरबी करीत असे. पाम फळाच्या गरातून निघणारे तेल चरबीची जागा घेते आणि त्याच फळाच्या आठळीतील गिराचे तेल खोबरेल तेलासारखा भरपूर फेस देते. घट्टपणा आणि फेस ही साबणाची दोन्ही अंगे एकाच झाडाने पुरवावीत, ही साबणधंद्याला लाभलेली मोठीच सोय होती. शांपूतील फेस आणणारी द्रव्ये, क्रीममधील सिटाइल अल्कोहोल, स्टिअरिक आम्ल, ग्लिसरीन यांपैकी बरेच काही आज याच झाडाकडून येते. मात्र त्या नावांत 'पाम' हा शब्द उरलेला नसतो.

या तेलाच्या इतिहासात आम्हांला एक गोष्ट वारंवार आढळली आणि तीच या लेखात मांडायची आहे. आज 'नैतिक' मार्गाने मिळवलेल्या पाम तेलाची चर्चा चालते, ती जणू या शतकाची नवी जाणीव आहे अशा थाटात. वस्तुस्थिती अशी की पाम तेल युरोपच्या बाजारात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आले तेच मुळी नैतिक माल म्हणून.

२

१८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. त्यापूर्वी लिव्हरपूलची जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरून नेत असत. आता त्याच जहाजांना, त्याच बंदरांना आणि त्याच व्यापाऱ्यांना दुसरा माल हवा होता. नायजर नदीच्या मुखाशी, खारफुटीच्या जंगलात शिरलेल्या अनेक फाट्यांच्या काठी बॉनी, ओल्ड कॅलाबार, ब्रास अशी बंदरे होती आणि त्यांच्या मागच्या मुलखात हे झाड आपोआप उगवत होते. तिथल्या स्वयंपाकात, औषधात, विधींत त्याचे तांबूस तेल शतकानुशतके वापरात होते. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत म्हणींची तुलना याच तेलाशी केलेली आहे, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेल. इग्बो घरात या तेलाचे स्थान काय, ते त्या एका उपमेवरून कळते.

गुलामांच्या व्यापाराला पर्याय म्हणून जो व्यापार पुढे आला, त्याला इंग्रजीत 'वैध व्यापार' म्हटले गेले. माणसांऐवजी तेल विकत घेतले की आफ्रिकेचा राजा, व्यापारी आणि शेतकरी तिघेही गुलामगिरी सोडतील, अशी ही कल्पना. इंग्लंडात पाम तेलाच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखानदारांनी तर मेणबत्ती विकत घेणे म्हणजेच गुलामगिरीविरुद्धच्या कार्याला हातभार लावणे, असा प्रचार केला. आजच्या वेष्टनावरील बेडकाच्या किंवा पानाच्या चिन्हाचे हे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे रूप म्हणायला हरकत नाही.

मागणीही तशीच वाढली. गिरण्यांच्या यंत्रांना वंगण हवे होते, कल्हईच्या पत्र्याच्या कारखान्यांना तेल हवे होते आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहरांना साबण हवा होता. निकोला लब्लांने १७९१ मध्ये मिठापासून सोडा काढण्याची पद्धत शोधली, शेव्हरलने १८२३ मध्ये मेदांचे रसायनशास्त्र उलगडले, ब्रिटनमध्ये १८५३ साली साबणावरचा कर उठला. शतकाच्या आरंभी वर्षाला हजार टनांच्या आसपास असलेली ब्रिटनची पाम तेलाची आयात शतकाच्या मध्यावर ३० हजार टनांवर गेली.

आता 'वैध व्यापारा'ची दुसरी बाजू. फळांचे घड झाडावरून उतरवणे, फळे उकडणे, कुटणे, पाण्यात घोळून तेल वेगळे करणे, आठळ्या फोडणे आणि मग पिंपे डोक्यावरून आणि होड्यांतून किनाऱ्यापर्यंत पोहोचवणे, हे सारे हाताने करायचे काम होते. त्याला माणसे लागत. समुद्रापार गुलाम विकणे बंद झाले, तसे ते देशातच स्वस्त झाले. आणि तेलाच्या व्यापारात नफा दिसू लागल्यावर त्यांना या कामाला जुंपणे सोपे झाले. दाहोमीच्या राज्यात पाम बागांवर गुलामांचे श्रम वापरले गेले, नायजरच्या मुखाशी व्यापारी घराण्यांच्या होड्या गुलामांनीच वल्हवल्या. गुलामगिरी हटवण्यासाठी ज्या तेलाची शिफारस झाली, त्या तेलाने आफ्रिकेच्या आतली गुलामगिरी काही काळ बळकट केली, असे या विषयाचे इतिहासकार दाखवतात. लंडनच्या दिवाणखान्यात मेणबत्ती लावणाऱ्या सद्भावी माणसाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या पुढ्यात फक्त ज्योत होती.

या नद्यांना इंग्रज 'ऑइल रिव्हर्स' म्हणत. १८८५ साली त्यांनी तिथे संरक्षित प्रदेश घोषित केला तो याच नावाने. नदीला तेलाचे नाव द्यावे आणि देशाला त्या नदीचे, अशी ही उदाहरणे भूगोलात थोडी असतील. या तेलनद्यांवरचा जाजा हा माणूस एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. इग्बो मुलखातून लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बॉनीमध्ये कर्तबगारीने एका व्यापारी घराण्याचा प्रमुख झाला. भाऊबंदकीमुळे त्याने बॉनी सोडले आणि १८७० च्या सुमारास ओपोबो हे स्वतःचे राज्य वसवले. अंतर्भागातील तेलबाजार त्याने आपल्या ताब्यात ठेवले. इंग्रज व्यापाऱ्यांना थेट आत शिरू दिले नाही. मुक्त व्यापाराचा हा अडथळा दूर करण्यासाठी १८८७ साली ब्रिटिश प्रतिनिधी हॅरी जॉन्स्टनने त्याला सुरक्षिततेची हमी देऊन बोलणीसाठी जहाजावर बोलावले आणि परत जाऊ दिले नाही. वेस्ट इंडीजमध्ये हद्दपार झालेला जाजा १८९१ साली मायदेशी परतण्याच्या वाटेवर तेनेरीफ बेटावर मरण पावला. गुलाम म्हणून जन्म काढलेल्या राजाला गुलामगिरीच्या विरोधकांनी तेलासाठी पळवून न्यावे, यातला उपरोध आम्ही वाचकांवर सोडतो.

३

विल्यम लीव्हर हा लँकशरमधील किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. १८८४ साली त्याने 'सनलाइट' हे नाव नोंदवले आणि चरबीऐवजी प्रामुख्याने वनस्पतिजन्य तेलांचा साबण वड्या कापून, कागदात गुंडाळून विकायला सुरुवात केली. तोवर साबण ही वाण्याकडून तुकड्याने तोडून घ्यायची वस्तू होती. लीव्हरने तिला नाव दिले, चेहरा दिला. १८८८ पासून त्याने कामगारांसाठी 'पोर्ट सनलाइट' हे गाव बांधायला घेतले. बागा, शाळा, टुमदार घरे असलेले हे गाव आजही आदर्श वसाहत म्हणून दाखवले जाते. त्याच साली सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. रिठे, शिकेकाई आणि डाळीच्या पिठावर चाललेल्या आपल्या न्हाणीघरांचा या तेलाशी सांधा जुळायला तेव्हापासून सुरुवात झाली.

लीव्हरला तेलाचा खात्रीचा पुरवठा हवा होता. १९११ साली बेल्जियमच्या सरकारशी करार करून त्याने काँगोत ७ लाख ५० हजार हेक्टरपर्यंत जमीन मिळवण्याचा हक्क घेतला. हा काँगो साहित्याच्या विद्यार्थ्यांना परका नाही. कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'मधला तो हाच. राजा लिओपोल्डच्या खाजगी मालकीत रबरासाठी तिथे जे अत्याचार झाले, त्यांचा गवगवा होऊन १९०८ साली प्रदेश बेल्जियमच्या सरकारकडे आला होता. अशा बदनाम भूमीत पोर्ट सनलाइटचा निर्माता येतो आहे, ही तर स्वागताचीच गोष्ट होती. करारात किमान मजुरीची तरतूद होती, शाळा आणि रुग्णालये बांधण्याची अट होती. पुन्हा तेच. रक्ताळलेल्या रबराच्या जागी स्वच्छ साबण. काँगोच्या तेलाची पहिली साबणवडी १९१२ साली बेल्जियमच्या राजाला नजर केली गेली, तीही हस्तिदंती पेटीत घालून.

प्रत्यक्षात 'लीव्हरव्हिल' आणि आसपासच्या क्षेत्रांत काय चालले होते, ते जूल मार्शाल या बेल्जियन इतिहासकाराने सरकारी दफ्तरांतून शोधून काढून २००१ साली प्रसिद्ध केले. हा गृहस्थ स्वतः काँगोत वसाहती सेवेत अधिकारी होता. त्याने दाखवले की उंच झाडांवर चढून घड उतरवण्याचे धोक्याचे काम करायला माणसे आपण होऊन येत नव्हती. तेव्हा कर, दंड, तुरुंग आणि मुखियांवरचा दबाव या मार्गांनी ती आणली जात होती. पिढ्यान् पिढ्या गावाची असलेली झाडे आता कंपनीची ठरली होती. मंदीच्या काळात तेलफळांचा भाव उतरला आणि कर मात्र तसाच राहिला, तेव्हा १९३१ साली क्विलू भागातील पेंडे लोकांनी उठाव केला. तो मोडताना ५०० हून अधिक माणसे मारली गेली.

पोर्ट सनलाइट खोटे होते काय? नव्हते. तिथल्या कामगारांना मिळालेली घरे खरी होती. अडचण ही की लीव्हरव्हिलही तितकेच खरे होते आणि ही दोन्ही गावे एकाच जमाखर्चात होती. वडी विकत घेणाऱ्याला दिसायचे ते पहिले गाव.

४

१९२९ या एका सालाजवळ थोडे थांबू. या साली सप्टेंबरात लीव्हरची कंपनी आणि मार्गारिन बनवणारा डच उद्योगसमूह यांनी एकत्र येण्याचा करार केला. त्यातून 'युनिलीव्हर' जन्मली. साबण आणि लोणीसदृश मार्गारिन या दोघांनाही तेच तेल लागत होते, म्हणून हे लग्न. याच साली 'लक्स' साबण भारतात आला. आणि याच साली नोव्हेंबर-डिसेंबरात नायजेरियाच्या आबा परिसरात इग्बो आणि शेजारच्या जमातींच्या हजारो बायका रस्त्यावर आल्या. बायकांवर कर बसणार, अशी बोलवा उठली होती आणि पाम तेलाचे भाव घसरले होते. फळांतून तेल काढणे आणि आठळ्या फोडून गिरे विकणे हे मुख्यतः बायकांचे काम, त्यावर त्यांचा संसार. त्यांनी मुखियांची घरे घेरली, न्यायालयांच्या इमारती मोडल्या. सैनिकांनी गोळ्या चालवल्या, ५० हून अधिक बायका ठार झाल्या. इतिहासात हे 'स्त्रियांचे युद्ध' म्हणून नोंदले गेले.

लक्सच्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री आपल्या लीला चिटणीस, साल १९४१. त्या पदवीधर होत्या, मराठी रंगभूमीवरून चित्रपटात आल्या होत्या. सुशिक्षित, कुलीन घरातली स्त्री पडद्यावर येते आणि तिच्या त्वचेची चर्चा उघडपणे वर्तमानपत्रात होते, ही आपल्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची घटना आहे आणि तिचा अभ्यासही झाला पाहिजे. परंतु त्या अभ्यासात आबाच्या बायकांना जागा असते का? एका बाजूला आठळ्या फोडून घट्टे पडलेले हात, दुसऱ्या बाजूला साबणाने मऊ राखलेले हात. त्या दोघींची गाठ पडण्याची सोयच बाजाराने ठेवलेली नव्हती.

स्वदेशीच्या चळवळीनेही साबणाला नीतीशी जोडले होते, हे येथे नोंदवले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशिर गोदरेज यांनी चरबीविरहित, केवळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. हिंदू-मुसलमान-जैन-पारशी सर्वांना निःशंकपणे वापरता येणारा, शिवाय देशी. आपल्याकडे शुद्धतेचा प्रश्न हा असा होता. यात गाईची अथवा डुकराची चरबी आहे की नाही? १८५७ च्या काडतुसांची आठवण असलेल्या देशात तो स्वाभाविकच होता. पुढे १९८३ साली चरबीच्या आयातीवरून वादळ उठले आणि सरकारने ती आयात बंद केली, तेव्हाही प्रश्न तोच होता. वनस्पती तेल म्हणजे निर्दोष, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की त्या वनस्पतीच्या मुळाशी काय पुरले आहे हे विचारावे असे आपल्याला वाटत नाही. सोवळ्याची आपली कल्पना पदार्थापुरती होती. तो पदार्थ करणाऱ्या हातांना भोगावे लागलेले दुःख तिच्या हिशेबात आले नाही.

५

तेलाचे केंद्र आफ्रिकेतून आग्नेय आशियाकडे कसे सरकले, हा भाग थोडक्यात सांगतो. १८४८ साली जावातील बॉयटेनझॉर्ग, म्हणजे आजच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात पाम तेलाच्या झाडाची चार रोपे लावली गेली. ती शोभेसाठीच होती. त्यांची प्रजा सुमात्रात गेली. १९११ साली अद्रियँ अले या बेल्जियन मळेवाल्याने तिथे व्यापारी लागवड सुरू केली. तेथून बी मलायात गेले आणि १९१७ साली सेलांगोरमध्ये तेन्नमाराम येथे पहिला व्यापारी मळा उभा राहिला. तो लावणारा आंरी फोकोनिए हा फ्रेंच मळेवाला पुढे कादंबरीकार झाला. मलायातील आयुष्यावर लिहिलेल्या 'मालेझी' या कादंबरीला १९३० सालचे गाँकूर पारितोषिक मिळाले. एकाच माणसाने मळा लावावा आणि त्या मातीच्या आत्म्याविषयी हळवी कादंबरीही लिहावी, हा योग वसाहतवादी साहित्य शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

मलायातील मळ्यांवर राबायला तमिळ मुलखातून माणसे नेली गेली. त्यांना नेणारा 'कंगाणी' हा त्यांच्यापैकीच एक असे. तो प्रवासखर्च उचलून देई आणि त्या कर्जाने माणूस बांधला जाई. आपल्या वाचकांना येथे ऊसतोडीचा मुकादम आणि त्याची उचल आठवल्यावाचून राहणार नाही. मलेशिया स्वतंत्र झाल्यावर सरकारने भूमिहीनांना जमिनी देऊन पाम लागवडीच्या वसाहती वसवल्या. अनेक कुटुंबे त्यातून गरिबीतून वर आली, हेही सांगितले पाहिजे. १९८१ साली कॅमेरूनमधून एक सोंडकिडा आणून मलेशियातील मळ्यांत सोडला गेला. तोवर फुलांचे परागीभवन मजुरांकडून हाताने करून घ्यावे लागे. किड्याने ते फुकट केले आणि उत्पादन झपाट्याने वाढले. त्यानंतर झाड दक्षिणेकडे, बोर्निओ आणि सुमात्राच्या जंगलांत शिरले.

पुढचे चित्र बहुतेकांना परिचित आहे. सुमात्रा-बोर्निओतील सखल जंगलांच्या खाली अनेक ठिकाणी 'पीट' असते, म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली साचून राहिलेला, न कुजलेला पालापाचोळा. मळ्यासाठी चर खोदून पाणी काढले की ती जमीन वाळते आणि ठिणगी पडली की आतल्या आत महिनोन् महिने जळत राहते. १९९७-९८ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये इंडोनेशियात अशा आगींनी शेजारचे देशही धुराने कोंदून टाकले. २०१५ च्या आगीत सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली आणि जागतिक बँकेने इंडोनेशियाचे नुकसान १६ अब्ज डॉलर आकारले. सगळ्याच आगी पामसाठी नव्हत्या. कागदाचा लगदा, इमारती लाकूड, छोट्या शेतकऱ्यांची राब-भाजणीही त्यात होती. पण पामचा वाटा मोठा होता. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ साली अतिसंकटग्रस्त ठरवला गेला. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे वन. रानातला माणूस असे त्याचे नाव.

६

नैतिक व्यापाराच्या कल्पनेचा साहित्याशी एक थेट धागा आहे. १८६० साली एदुआर्द डौवेस देक्कर या डच माणसाने 'मुल्टाटुली' या टोपणनावाने 'मॅक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. जावातील शेतकऱ्यांकडून सक्तीने पिके घेण्याच्या डच पद्धतीवर तिने इतके कोरडे ओढले की हॉलंडच्या संसदेपर्यंत खळबळ उडाली. पुढे १९८८ साली नेदरलँड्समध्ये शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या कॉफीसाठी पहिले प्रमाणचिन्ह निघाले, तेव्हा त्याला याच कादंबरीच्या नायकाचे नाव दिले गेले. कादंबरीचा नायक कॉफीच्या पुड्यावर जाऊन बसल्याचे हे उदाहरण आम्हांला एकाच वेळी सुखावते आणि अस्वस्थ करते. कारण कादंबरीत हावेलार हरतो. पुड्यावर मात्र तो जिंकलेला दिसतो.

पाम तेलासाठी अशी व्यवस्था २००४ साली उभी राहिली. मळेवाले, व्यापारी, साबण आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्या, निसर्गसंरक्षण संस्था यांनी मिळून 'शाश्वत पाम तेलाची गोलमेज' स्थापन केली. २००८ मध्ये पहिले प्रमाणित तेल बाजारात आले. त्याच वर्षी ग्रीनपीसने 'डव्ह' साबणाच्या जाहिरातीचे विडंबन करून ती प्रसृत केली आणि युनिलीव्हरला जंगलतोडीविरुद्ध भूमिका घ्यावी लागली. विडंबन हा साहित्यप्रकार अद्याप निकामी झालेला नाही, याचा हा पुरावा. आज जगातील सुमारे एक-पंचमांश पाम तेल असे प्रमाणित आहे.

पण 'प्रमाणित' म्हणजे काय? तेलाचे मिश्रण करायला परवानगी देणारी एक पद्धत यात आहे. गावातल्या दूध डेअरीचे उदाहरण घ्या. चांगले गोठे राखणाऱ्या दहा जणांचे आणि इतर नव्वद जणांचे दूध एकाच टाकीत ओतले जाते. हिशेब मात्र ठेवला जातो की दहा जणांइतके दूध 'चांगले' म्हणून विकायचे. तुमच्या पेल्यात कुणाचे दूध आले हे कुणीच सांगू शकत नाही, पण वहीत चूक नसते. वेगळे ठेवलेले तेलही मिळते, पण ते महाग पडते. त्यातही क्रीम-शांपूतील द्रव्ये तेलावर चार-पाच कारखान्यांत प्रक्रिया होऊन तयार होतात, तेव्हा तेथे उगमापर्यंत पोहोचणे आणखी अवघड. २०२० साली असोसिएटेड प्रेसच्या दोन महिला पत्रकारांनी मलेशिया-इंडोनेशियातील मळ्यांवरील बायकांची कहाणी बाहेर आणली. लैंगिक अत्याचार, संरक्षणाशिवाय फवारायला लावलेली विषे, जड ओझ्यांनी खाली सरकलेली गर्भाशये. आणि या तेलाचा माग सौंदर्यप्रसाधनांच्या नामांकित कंपन्यांपर्यंत जात होता. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली आपल्या राज्याला चौकशी समिती नेमावी लागली होती. साखर काय, साबण काय, शेवटी हिशेब बाईच्या शरीरातून चुकता होतो.

येथे मराठीच्या अध्यापकांना एक शब्द खटकतो, तो 'शाश्वत'. आपल्या तत्त्वविचारात शाश्वत म्हणजे जे कधीच नाश पावत नाही ते. ब्रह्म शाश्वत, देह अशाश्वत. इंग्रजीतील मूळ कल्पना इतकी मोठी नव्हती. झीज भरून निघेल इतकेच वापरावे, एवढा तिचा अर्थ. अनुवादात आपण तिला एकदम ब्रह्मपदाला पोहोचवले. हा शब्द वेष्टनावर आला की प्रश्न विचारणेच बंद होते. आम्ही एका साबणकंपनीच्या ग्राहकसेवेला पत्र लिहून, तुमचे पाम तेल कोणत्या देशातून येते, एवढेच विचारले होते. उत्तर आले, तत्परतेने आणि नम्रपणे आले. त्यात 'शाश्वत स्रोत' हे शब्द तीन वेळा होते. देशाचे नाव नव्हते.

७

मग पाम तेल सोडून द्यावे काय? येथे घाई करून चालणार नाही. जगातील वनस्पती तेलांपैकी सुमारे ३५ टक्के तेल हे झाड तेलबियांच्या एकूण क्षेत्राच्या १० टक्क्यांहून कमी जमिनीवर देते. तेवढे तेल सोयाबीन, सूर्यफूल किंवा मोहरीतून काढायचे तर कितीतरी पट, कदाचित ९ पट, अधिक जमीन लागेल, असे आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०१८ साली दाखवून दिले. म्हणजे एक जंगल वाचवताना दुसरे जाईल. दोष झाडाचा नाही. ते कुठे लावले, कुणाची जमीन काढून घेऊन लावले आणि तिथे राबणाऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न आहे. युरोपीय संघाने २०२३ साली जंगलतोडीच्या जमिनीवरील माल रोखणारा कायदा केला. त्याची अंमलबजावणी एकदा नव्हे, दोनदा पुढे ढकलली गेली.

आणि हा प्रश्न आता परदेशातला राहिलेला नाही. जगात सर्वाधिक पाम तेल आयात करणारा देश आपलाच. आमच्या लहानपणी दिवाळीच्या तोंडावर रेशनच्या दुकानापुढे पामतेलासाठी लागणाऱ्या रांगांत आम्ही डबा घेऊन उभे राहिलो आहोत. तेलाच्या वासाला नाके मुरडणाऱ्या घरांतही चकल्या त्यातच तळल्या जात. गरिबाच्या कढईत तेल पडले ते या झाडामुळे, हे विसरून नीतीच्या गप्पा मारणे सोपे आहे. या आयातीचा भार कमी करण्यासाठी २०२१ साली केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे पाम तेल अभियान जाहीर केले. त्यात ईशान्येची राज्ये आणि अंदमान यांवर विशेष भर आहे. मिझोरामच्या डोंगरांत, जिथे जमीन बहुतांशी गावाची मानली जाते, तिथे पंचवीस-तीस वर्षे एकाच जागी उभे राहणारे झाड लावले की ती जमीन कुणाची होते? क्विलूच्या पेंडे लोकांपुढे हाच प्रश्न होता. जीवशास्त्राचे जाणकार तिथल्या जंगलातील पक्ष्यांविषयी, प्राण्यांविषयी इशारे देत आहेत. आयात थांबवणे ही देशहिताची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण 'वैध व्यापार', 'आदर्श वसाहत' आणि 'शाश्वत' यांच्या रांगेत 'स्वावलंबन' हा शब्दही निमूटपणे जाऊन बसणार नाही, याची काळजी कोण घेणार?

वर्गातील त्या विद्यार्थिनीने शेवटी सरळच विचारले, "मग सर, आम्ही कोणता साबण वापरायचा?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या घरातही दिवाळीत उटण्याच्या वाटीशेजारी सुगंधी साबणाची वडी ठेवली जाते आणि आम्ही ती काढून टाकलेली नाही. आम्ही तिला एवढेच सांगितले की दोनशे वर्षांत ज्या ज्या वेळी या तेलाची स्थिती थोडी बदलली, त्या त्या वेळी कुणीतरी वेष्टन उलटून मागची बाजू वाचली होती. मार्शालने दफ्तरे वाचली, त्या दोन पत्रकारांनी मळ्यांवरच्या बायकांचे ऐकले. वाचणे हे आपले काम आहे आणि ते आपण करू शकतो. तिने प्रकल्पासाठी हाच विषय घेतला आहे. शीर्षक काय द्यावे, असे विचारत होती. नदीचे मूळ शोधू नये या म्हणीवरूनच काहीतरी दे, असे आम्ही सुचवले. ती म्हणाली, म्हण बदलूनच टाकते.